रिपोर्ट सगळे आहेत, पण पुढची तारीख कुठे आहे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात, आई-बाबा कोल्हापुरात राजारामपुरीला. आई ५८ वर्षांच्या, बाबा ६३. दिवाळीला आलात तेव्हा दोघांची आभा (सरकारचा डिजिटल आरोग्य नंबर) काढलीत, कपाटातल्या जुन्या फाइली दोन दिवस बसून स्कॅन केल्यात आणि ॲपमध्ये चढवल्यात. आता गुढीपाडवा आला. एवढ्या दिवसांत दोघांपैकी कुणीही ते ॲप उघडलेलं नाही आणि एकही नवी तपासणी झालेली नाही. तुम्ही विचारता, ‘रेकॉर्ड ऑनलाइन असलं की लोक वेळच्या वेळी तपासण्या करून घेतात असं वाचलं होतं. मग आमच्याकडे काहीच का हललं नाही? ॲप बदलू का?’

ॲप बदलू नका. तुम्ही कपाट उचलून मोबाईलमध्ये ठेवलंत, आणि ते कामही कमी नाही. पण ते कपाट घरात होतं तेव्हा तरी कोण उघडून बघत होतं?

मी गंगावेशीच्या बाजूला सव्वीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. पुढे लिहितो ते त्या अनुभवावरून, आणि त्यातलं बरंचसं स्वतः चुका करून शिकलेलं आहे. काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर ठरतील. बाबा तंबाखू खातात का, दोघांपैकी कुणाला आधीपासून बीपी किंवा शुगरची गोळी आहे का, घराण्यात कुणाला कॅन्सर किंवा कमी वयात हार्टॲटॅक झाला होता का, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. दोष देत नाही. हे लिहायचं राहून जाणं हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, तिकडे येतोच.

कागद जपायचं महत्त्व आम्हा कोल्हापूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या कित्येक पेशंटच्या फाइली पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर एका घरी गेलो होतो. अंगणात दोरीवर चादरींच्या शेजारी सोनोग्राफीचे कागद आणि अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड कपड्यांचे चिमटे लावून वाळत घातलेलं. शाई पसरून सगळं जांभळं. त्या आजोबांना कोणता स्टेंट, कधी, किती, काही सांगता येईना. त्या दिवसापासून मी येईल त्याला सांगू लागलो की केसपेपरचा फोटो काढा आणि मोबाईलमध्ये ठेवा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा त्याचा उपयोगही झाला. लोक निवारा केंद्रातून गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचे आणि मी इकडून औषधं सांगायचो.

म्हणजे आजारपणात रेकॉर्ड कामाला आलं. मला वाटलं, आता प्रतिबंधाचंही आपोआप होईल. तसं झालं नाही. एका काकांच्या गॅलरीत रिपोर्टचे दोनशेच्या वर फोटो होते, मधे मधे नातवाचे वाढदिवस आणि गुड मॉर्निंग. त्यांची शेवटची डोळ्यांची तपासणी कधी झाली, हे त्या दोनशे फोटोंत कुठेच नव्हतं, कारण ती झालीच नव्हती. दहा वर्षांचा मधुमेह, आणि पडदा एकदाही तपासलेला नाही!

मुद्दा हाच आहे. जुना रिपोर्ट काय झालं ते सांगतो. प्रतिबंधाला जे झालेलं नाही ते दिसावं लागतं. न झालेल्या तपासणीचा कागद नसतो, तुम्ही तो स्कॅन करू शकत नाही आणि ॲपही तो दाखवू शकत नाही. कुणीतरी बसून रिकाम्या जागा भरायला घ्याव्या लागतात.

तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात आठ दवाखान्यांतल्या साडेचार हजार पेशंटवर यावर एक चांगला प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. अर्ध्या लोकांना एक ऑनलाइन रेकॉर्ड वापरायला बोलावलं. ते नुसतं साठवणीचं नव्हतं. डॉक्टरकडची माहिती ओढून घेऊन ‘तुमची अमुक तपासणी राहिली आहे, ती का करायची, पुढे काय करायचं’ हे साध्या भाषेत सांगणारं होतं. सोळा महिन्यांनी, ज्यांनी ते खरोखर वापरलं त्यांच्यातल्या २५.१ टक्के लोकांच्या सगळ्या तपासण्या पूर्ण होत्या. न वापरणाऱ्यांच्या हे जवळपास दुप्पट. पण बोलावलेल्यांपैकी ते वापरलं किती जणांनी? १६.८ टक्के. सहातला एक. शिवाय जो माणूस असलं काही उघडून बघतो तो मुळातच थोडा काळजी घेणारा असतो, तेव्हा ते दुप्पटही जरा हात राखून घ्यावं. तुमचे आई-बाबा उरलेल्या पाचांत आहेत. काही विशेष नाही, मीही त्याच पाचांत आहे. माझा स्वतःचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) बायकोने आठवण केल्याशिवाय होत नाही.

रेकॉर्ड नीट लावलं की काय दिसतं याचं एक उदाहरण सांगतो, ते मला अजून टोचतं. मार्केट यार्डात गुळाची अडत असलेले एक गृहस्थ. पन्नाशीचे, व्यायाम बरा, सकाळी रंकाळ्याला फेरी. त्यांच्या मुलाने तुमच्यासारखेच सगळे जुने रिपोर्ट एकत्र केले आणि अनशापोटीची शुगर एका चिठ्ठीवर ओळीने उतरवून आणली. २०१४ ला ९१. २०१७ ला ९८. २०१९ ला १०४. २०२२ ला १०९. चार वेगवेगळ्या लॅबचे कागद, आणि प्रत्येकावर शेजारी छापलेलं ‘७० ते ११०’. त्यामुळे एकाही आकड्याला चांदणी नाही, एकही ठळक अक्षरात नाही. दर वेळी कुणीतरी डॉक्टरने पाहून ‘नॉर्मल’ म्हटलेलं. २०१९ चा कागद मीच पाहिला होता आणि मीच ‘ठीक आहे’ म्हणालो होतो. शंभरच्या पुढे गेली की मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलो असं आज बहुतेक डॉक्टर धरतात, आणि १२६ किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आली की मधुमेहच. एकेकटा कागद बघितला तर सगळं नॉर्मल. ओळीने ठेवले तर जिना दिसतो, आणि तो कुठल्या मजल्यावर जातोय हेही. २०२२ मध्येच तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (HbA1c) काढली तर ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून आजार. तेव्हाच कंबर कमी करायला घेतली. आज त्यांना गोळी नाही. पुढे लागणारच नाही असं मी म्हणत नाही.

त्या मुलाने ॲपमध्ये काही वेगळं केलं नव्हतं. चार आकडे पेनाने एका चिठ्ठीवर लिहिले, एवढंच. तेवढं तुम्हीही करा.

एका पानावर रेघा मारा. आईंचं एक पान, बाबांचं एक. डावीकडे गोष्ट, मग शेवटचं कधी, मग आकडा, आणि शेवटी पुढची तारीख. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो लाल पेनाने लिहा. त्या पानाचा फोटो काढून ॲपमध्ये सगळ्यात वर राहील असा ठेवा. फाइलींना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग तपासणी असं दिलं की त्या आपोआप क्रमाने लागतात. ‘स्कॅन१२(३)’ असलं नाव दिलंत तर माझ्यासमोर बसून तुम्हालाच सापडणार नाही, आणि बाहेर वीस पेशंट असताना मी काही तुमची चाळीस पानं उलटत बसणार नाही. खरं तेच सांगतो.

आता या पानावर काय लिहायचं. लॅबच्या कागदावर लॅब जे विकते तेच असतं, हे लक्षात ठेवा. तंबाखूची लॅब नसते, कंबरेचीही नसते. म्हणून तीच दोन पहिल्या ओळीत घ्या. कंबर टेपने बेंबीच्या पातळीला मोजायची. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या पुढे गेली की शुगर आणि हृदयाचा धोका वाढतो. तंबाखू असेल तर लाजायचं नाही, किती वर्षं आणि दिवसाला किती ते लिहायचं. आईंच्या बाबतीत मिशरी विचारा. आमच्याकडे पन्नाशीच्या पुढच्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि ते खरंही असतं, फक्त सकाळी अर्धा तास मिशरी लावतात. अलीकडेच एक मावशी म्हणाल्या, ‘ती का तंबाखू हाय व्हय? दात घासाय लागतंयच की.’ ती तंबाखूच. ज्यांच्याकडे यांपैकी काही आहे त्यांचं तोंड वर्षातून एकदा उजेडात, गालाच्या आतून आणि जिभेच्या कडेने बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हेही घरी बघता येतं. जात नसतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला या.

बीपी ही दुसरी गोष्ट. दवाखान्यात १४० वर ९० किंवा जास्त पुन्हा पुन्हा आलं तर ते वाढलेलं. घरी मोजताना हद्द थोडी खाली, १३५ वर ८५. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजायचं, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. माझ्या मते घरच्या रेकॉर्डमधली सगळ्यात मोलाची नोंद हीच, कारण ती माझ्या दवाखान्यात तयारच होऊ शकत नाही. मला पांढरा कोट घातलेला बघूनच काही जणांचं वीसने वाढतं.

कॅन्सरचं आईंच्या पानावर जास्त महत्त्वाचं आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीनंतर सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी, आणि बायकांची त्याशिवाय स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी ठरलेली आहे. सरकारी आरोग्य केंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, ती फुकट होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो त्यासाठीच, त्यांना दारातूनच परत पाठवू नका. मी आजवर जितक्या ५८ वर्षांच्या बायकांना विचारलं, त्यांतल्या फार थोड्यांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. पाळी गेली म्हणजे त्या भागाशी आपला संबंध संपला असं त्यांना वाटतं. हा कॅन्सर त्यानंतरच्या वयातही होतो.

बाकीचं भराभर. लिपिड. मूत्रपिंडासाठी लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनीन, बीपी किंवा शुगर असेल तर दर वर्षी. डोळे, आणि शुगर असेल तर पडदा दर वर्षी. फ्लूची लस पावसाळ्याआधी. न्यूमोनियाची लस साधारण ६५ ला, मधुमेह किंवा दमा असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी. दात. आणि ऐकू कसं येतं ते, टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर.

या यादीत ‘फुल बॉडी चेकअप’ नाही, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही रिपोर्ट चढवलेत की काही ॲप लगेच ७०-८० तपासण्यांचं पॅकेज समोर नाचवतात, सवलत आज रात्री बारापर्यंत! निरोगी माणसात कॅन्सर मार्कर (कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) काढून फायदा नसतो, उलट एखादा आकडा थोडा वर आला की सहा महिने झोप उडते आणि सीटी स्कॅनपर्यंत गाडी जाते. त्या पॅकेजमध्ये तोंडात बॅटरी मारून कुणी बघत नाही, मिशरी कुणी विचारत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: जुने रिपोर्ट ओळीने लावून जिना बघा, रिकाम्या जागा एका पानावर आणा, प्रत्येकीसमोर तारीख टाका. आता ती तारीख पाळली कशी जाणार?

इथे मी बराच काळ चाचपडलो. आधी पेशंटच्या वाढदिवसाला मेसेज पाठवायचो, ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा, वार्षिक तपासणी करून घ्या.’ लोक हात जोडलेले पाठवायचे, येत कुणी नव्हतं. मग ‘आपल्या तपासण्या बाकी आहेत’ असा सगळ्यांना एकच मेसेज. त्यालाही हात जोडलेले. फरक पडला तो आमच्या सिस्टर फोन करू लागल्यावर. ‘काका, मंगळवारी सकाळी साडेसातला या, अनशापोटी या, नुसतं पाणी चालतंय, आठ वाजता मोकळे.’ वार, वेळ, उपाशी यायचं की खाऊन, आणि किती वेळ जाणार. एवढं सांगितलं की माणूस येतो. तुमच्या लाल रकान्यात ‘मार्चमध्ये शुगर’ लिहू नका. ‘पाडव्यानंतरचा पहिला मंगळवार, साडेसात, उपाशी’ असं लिहा आणि आदल्या रात्री फोन करा. ॲपचं नोटिफिकेशन बाबा बोटाने बाजूला सारतील. मुलाचा फोन सारत नाहीत.

तारखाही इथल्या चालीने धरा. पाडवा आणि दसरा अशा वर्षाला दोन खुणा बहुतेक घरांना जमतात. बाबा माघात जोतिबाचे खेटे घालत असतील तर बीपी आणि हृदयाचं जे काही बघायचं ते पौषातच, म्हणजे डोंगर चढायच्या आधी. शेतीवाल्यांना मी ऊस तुटून बिल जमा झाल्यावरच बोलावतो, आधी बोलावून काही उपयोग नसतो.

आता आभाबद्दल. हा १४ अंकी नंबर म्हणजे ऑपरेशनच्या खर्चाचं कार्ड नाही. दर आठवड्याला कुणीतरी तो दाखवून ‘ह्याच्यावर फुकट हुतंय न्हवं?’ विचारतंच. आयुष्मान कार्ड वेगळं. आभा हा २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या डिजिटल मिशनचा भाग, कागद एकमेकांना जोडण्यापुरता. कागद तपासणी झाली त्या हॉस्पिटलच्या यंत्रणेतच राहतात. कोणाला, काय, किती दिवस दाखवायचं याची संमती तुम्ही देता आणि ती काढूनही घेता येते. मात्र हॉस्पिटल किंवा लॅब त्या यंत्रणेत सामील असेल तरच रिपोर्ट आपणहून येतो. गल्लीतल्या लहान लॅबचा पीडीएफ व्हॉट्सॲपवर येतो, तो तुम्हालाच चढवावा लागणार.

एक चूक तुमच्या हातून झाली असण्याची मला दाट शंका आहे. दोघांची आभा काढताना मोबाईल नंबर तुमचा दिलात का? माझ्या एका पेशंटच्या मुलाने तसं केलं होतं. वडील इथे हॉस्पिटलच्या काउंटरवर, ओटीपी तिकडे हिंजवडीत, आणि मुलगा मीटिंगमध्ये. मागे रांग ओरडायला लागली तशी ते काउंटर सोडून घरी आले, परत गेलेच नाहीत. बाबांच्या खात्याला बाबांचा नंबर लावा आणि ओटीपी कुठे दिसतो ते त्यांच्याच हातून दोनदा करून घ्या.

आईंचं त्याहून नाजूक आहे. त्यांना स्वतःचा फोन, स्वतःचं खातं असू द्या. गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला तयार झालेली एक बाई माझ्याकडे केवळ एवढ्यासाठी अडली होती की रिपोर्ट मुलाच्या मोबाईलवर जाईल. ‘त्येनं बघितलं तर?’ रिपोर्ट कागदावर देतो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी आली. तुम्ही रेकॉर्ड सोपं करायला गेलात आणि त्यामुळेच तपासणी टळली, असं तुमच्या घरी होऊ नये. आईंच्या पानावरच्या स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या त्या दोन ओळी बहिणीला किंवा वहिनीला भरू द्या, कुणी नसेल तर आईंनाच. आणि कुणाचाही रिपोर्ट ‘आपलं कुटुंब’ ग्रुपवर टाकू नका. तिथे सातारच्या मामांपासून सगळे डॉक्टर असतात.

पाडव्याला येताना शिंपी वापरतात तसली टेप आणि लाल पेन घेऊन या. जुन्या फाइलींत ईसीजीची गुलाबी चौकटींची पट्टी असेल तर तिचा उन्हात, सावली न पाडता, नवा फोटो काढा. त्या कागदावरची रेघ काही वर्षांत उडून जाते. बाबांच्या छातीत कधी दुखलं तर आधीचा ईसीजी कसा होता, हेच डॉक्टर पहिल्यांदा विचारणार.